वहिनींनी पकडलेली गळती

माझ्या वहिनी हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या तेव्हा जो तो विचारायचा, "आता काय करणार?" वॉर्डातल्या मुलींनी विचारलं, शेजारणींनी विचारलं, मीही विचारलं. वहिनी सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "बघू." आम्हाला वाटलं, बाई दमलीय, थोडे दिवस झोपा काढेल. पण एका सकाळी एक जीप मागे ट्रॉली ओढत आमच्या दारात येऊन थांबली. ट्रॉलीवर पिवळ्या रंगाची, ठिकठिकाणी पोपडे निघालेली, मोटारसायकल आणि होडी यांच्या मधली काहीतरी वस्तू होती.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, खिडकीतून ओरडला, "अगं, कोणीतरी चुकून आपल्या दारात होडी आणून लावलीय!"

"चुकून नाही," वहिनी चपला शोधत म्हणाल्या. "मीच मागवलीय. आणि होडी नाही, वॉटर स्कूटर आहे. गेट उघडा जरा."

दादाने गेट उघडलं, पण तोंड बराच वेळ मिटलं नाही.

आमच्या भागात वहिनींना सिस्टरच म्हणतात. ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या वॉर्डात त्यांची उभी हयात गेली. त्या वॉर्डाच्या औषधांच्या खोलीला एक अरुंद खिडकी होती आणि तिच्यातून तलावाचा एक तुकडा दिसायचा. सुट्टीच्या दिवशी लोक तिथे वॉटर स्कूटर उडवत. इकडे वहिनी इंजेक्शनं भरत असायच्या आणि तिकडे तो पांढरा फवारा सर्रकन खिडकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचा. "एकदा तरी आपण त्या फवाऱ्याच्या पुढे असावं, एवढंच होतं मनात," असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्याआधी कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. दादाजवळ तर नाहीच.

दादाचं आणि पाण्याचं मुळातच जमत नाही. अंघोळीच्या बादलीशीसुद्धा तो जपून वागतो. त्यातून त्याचं वजन. आयुष्य कापडाच्या दुकानात काउंटरमागे गेलं आणि शरीराने त्या खुर्चीचा आकार घेतला. त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "तुझी हौस तू कर. मला त्यावर बसायला सांगायचं नाही."

"तुम्हाला कोण सांगतंय?" वहिनी म्हणाल्या.

शिकल्या त्या. रीतसर शिकल्या. तलावावरच्या बोट क्लबच्या शिक्षकाकडून धडे घेतले, परवाना काढला, पडल्या, नाकातोंडात पाणी गेलं, पुन्हा चढल्या. मग एक दिवस पहाटे पोहणाऱ्या मंडळींच्या क्लबची सेक्रेटरी त्यांना म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आमच्या बाजूने चालवत राहाल का? कोणी दमलं तर आधार होईल." तेव्हापासून वहिनींचं काम ठरून गेलं. पोहणाऱ्यांच्या मागे त्या सावकाश स्कूटर चालवायच्या, आणि जी माणसं काठ सोडायला घाबरत ती आता मधोमध जाऊ लागली. "मागे सिस्टर आहे ना," म्हणायची आणि सूर मारायची. वॉर्डातून बाहेर पडल्यावर अंगावरची जबाबदारी गेली म्हणून वहिनी जरा सुन्न झाल्या होत्या. आता त्यांची मान पुन्हा ताठ झाली.

आणि नेमकं तेव्हाच इंजिन तापायला लागलं.

पहिल्यांदा झालं ते सगळ्यांसमोर. एका पोहणाऱ्या बाईला मागे बसवून वहिनी काठाकडे येत होत्या. मध्येच स्कूटर किंचाळायला लागली, लाल दिवा पेटला आणि इंजिनाने दम सोडला. शेवटी मासे पकडणाऱ्याच्या होडीला दोर बांधून दोघींना ओढत आणावं लागलं. धक्क्यावर गर्दी. कोणीतरी ओरडलंच, "काय सिस्टर, पेशंट दगावला का?"

वहिनी त्यांच्यासोबत हसल्या. घरी आल्यावर मात्र त्या गॅरेजात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी डोकावलो तर ओल्या कपड्यांतच सीटवर बसलेल्या, हात हँडलवर.

"वहिनी, चहा?"

"भाऊजी, माणूस पाण्यात असताना ही बंद पडली तर?" त्या म्हणाल्या. "आज जवळ होते मी. लांब असते तर?"

चहाचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

तलावाच्या वळणावर मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. होड्यांची इंजिनं, पंप, जनरेटर, सगळं तिथे येतं. मिस्त्री माणूस सरळ आणि कामात चोख. त्यांनी सीट काढली, आत बॅटरी मारली आणि वहिनींना समजावून सांगितलं. इंजिनाच्या आत एक हिरवं पाणी फिरत असतं, कूलंट. ते इंजिनाची उष्णता घेतं आणि निवून परत येतं. त्याची एक बाटली असते. "ती बघा, तळ गाठलाय. म्हणून तापतंय. कुठेतरी गळतंय."

गळती म्हणजे सोपं काम, असं त्यांनाही वाटलं आणि आम्हालाही. त्यांनी रबरी पाइप बदलले, क्लिपा आवळल्या, बाटलीचं झाकण नवं घातलं. हातपंपाने हवा भरून दाब धरून पाहिला. काटा हलला नाही. वहिनी स्कूटर घेऊन एकट्या तलावावर फेरी मारून आल्या. ठणठणीत. सगळे खूश. पुढच्या खेपेला त्यांनी दमलेल्या एका पोहणाऱ्याला मागे घेतलं आणि पुन्हा तेच. किंचाळी, लाल दिवा, होडी, दोर.

मिस्त्रींनी पुन्हा सगळं उघडलं. इंजिनाभोवतीची जागा कोरडी ठाक. एक थेंब नाही. त्यांनी हात पुसले.

"सिस्टर, एकच शक्यता राहते. वरचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेलंय आणि कूलंट इंजिनाच्या पोटात जाऊन जळतंय. म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं, शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला पाठवायचं. ते कधी देतील त्याचा भरवसा नाही. आणि खरं सांगू? इतक्या जुन्या मशीनसाठी ते करावं असं मला वाटत नाही."

ही बातमी घेऊन आम्ही घरी आलो आणि पाठोपाठ क्लबची सेक्रेटरी आली. तलाव आरपार पोहण्याचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. परवानगीसाठी अट होती. सोबतीला बचावाची स्कूटर हवी, तिच्यावर चालवणारा आणि मागे नजर ठेवणारा अशी दोन माणसं हवीत, आणि गरज पडली तर तिसऱ्याला उचलून आणता आलं पाहिजे.

"तुमच्या स्कूटरचं कळलं मला," ती संकोचाने म्हणाली. "दुसरीकडे विचारून पाहिलं, कोणाची मोकळी नाही. यंदा रद्द करावं लागेल बहुतेक. लोकांना आजच कळवून टाकू का?"

"इतक्यात नका कळवू," वहिनी म्हणाल्या. "माझी स्कूटर येईल."

दादाला ठसका लागला. सेक्रेटरी गेल्यावर तो म्हणाला, "अगं, मिस्त्रींनी हात टेकले आणि तू शब्द देऊन बसलीस?"

"हात टेकले नाहीत. अंदाज सांगितला." वहिनी उठून येरझारा घालू लागल्या. वॉर्डात अवघड पेशंट असला की त्या अशाच फिरायच्या म्हणे. "अहो, आमच्याकडे माणसाच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा मेळ बसला नाही, तर आम्ही डॉक्टरांना झोपू देत नव्हतो. गेलेलं पाणी कुठेतरी असतंच. हवेत विरत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रींकडे हजर. "कूलंट पोटात जात असेल तर तेलात मिसळायला नको? तेल बघूया?"

मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. स्वच्छ, मधासारखं तेल. कूलंट मिसळल्यावर येतो त्या दुधाळपणाचा मागमूस नाही. मग त्यांनी स्पार्क प्लग काढून उजेडात धरले. तेही कोरडे. मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले, "छे. गॅस्केट नाही हे." त्यांनी एक स्टूल ओढलं आणि वहिनींसमोर बसले. "सिस्टर, सांगा बरं, नेमकं कधी कधी झालं? सगळं सांगा. तुम्हाला फालतू वाटेल तेही."

वहिनी आठवून आठवून सांगू लागल्या. पहिल्यांदा ती बाई मागे होती तेव्हा. दुसऱ्यांदा तो दमलेला पोहणारा. मध्ये एकट्या गेल्या तेव्हा काही झालं नाही. बोलता बोलता त्या थांबल्या.

"मिस्त्री. एकटी असताना होतच नाही."

"योगायोग असेल."

"असेल. बघूया ना."

त्यांनी पर्समधून हॉस्पिटलातली चिकटपट्टी काढली, कूलंटच्या बाटलीवर आतलं पाणी जिथवर होतं त्या हिरव्या रेषेच्या अगदी कडेला लावली आणि एकट्या तलावावर गेल्या. परत आल्या तेव्हा पातळी पट्टीला चिकटलेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काटकुळा माणूस, पण माणूसच. मला मागे बसवून त्यांनी वेगात एक चक्कर मारली. माझे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे वर्णन करता येणार नाही. काठावर येऊन पाहिलं तर हिरवी रेषा पट्टीच्या खाली सरकलेली, थोडीशीच, पण सरकलेली.

"वजन!" वहिनींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पाण्यात पडता पडता वाचलो. "वजन आलं की गळतंय!"

मिस्त्रींचा चेहरा उजळला. ते स्कूटरच्या मागच्या टोकाशी उकिडवे बसले आणि तळाखाली हात घालून म्हणाले, "मग हीच. इथे बाहेरच्या बाजूला एक पोकळ प्लेट असते, सिस्टर. कूलंट तिच्यातून फिरतं आणि खालून तलावाचं पाणी वाहतं, त्याने ते निवतं. मागे वजन आलं की सगळा ताण हिच्यावर. हिला चीर गेली असेल तर कूलंट थेट तलावात जाणार. आत थेंब कसा दिसेल? मी आतच शोधत बसलो!"

"पण तुम्ही दाब धरून पाहिला होता ना?" मी विचारलं.

"गार असताना, ट्रॉलीवर, रिकामी. तेव्हा चीर मिटलेली असणार." त्यांनी मान हलवली. "आता इंजिन तापवून आणायचं, तसंच वर ओढायचं, आणि मागे भरपूर वजन ठेवायचं. वाळूची पोती आणतो."

"पोती कशाला?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी घरी फोन लावला. "अहो, जरा वर्कशॉपला येता का? नाही, पाण्यात नाही. जमिनीवरच बसायचंय."

दादा आला. गरम इंजिनाची स्कूटर ट्रॉलीवर ओढून ठेवली होती, तळ पुसून लख्ख केला होता. सीटच्या अगदी मागच्या टोकाला बस म्हटल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं, पाणी पुरेसं लांब आहे याची खात्री करून घेतली, आणि शिडी लावून चढला. ट्रॉली करकरली.

"आता हलू का?"

"हला. चांगले हला," वहिनींचा आवाज खालून आला. त्या चक्क पोत्यावर उताण्या झोपून स्कूटरखाली शिरल्या होत्या. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात गॉजची घडी. मिस्त्रींनी हातपंपाने दाब दिला. दादा वर संकोचाने डुलत होता, रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. मी तोंडावर रुमाल धरला होता.

"अजून जरा मागे सरका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी प्लेटवर गॉज दाबला, उचलला. पांढरा. पुढे सरकवला, दाबला, उचलला. पांढरा. एका बोल्टपाशी दाबला आणि तिथेच धरून ठेवला.

"वहिनी?"

त्यांचा हात बाहेर आला. गॉजवर केसाएवढी बारीक हिरवी रेघ उमटली होती.

मिस्त्री ओरडले, वहिनी ओरडल्या, मी ओरडलो. दादाला खालचं काही दिसत नव्हतं, तोही ओरडला, आणि मग त्याने विचारलं, "काय झालं? मी उतरू का?"

प्लेट काढली तेव्हा चीर डोळ्यांना दिसली. आधीच्या मालकाने कधीतरी स्कूटर दगडावर घातली असणार. नवी प्लेट यायला वेळ लागला असता. मिस्त्रींनी आपल्या माहितीतल्या वेल्डरला गाठलं. त्याने चिरेच्या टोकांना भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळणार नाही, आणि अॅल्युमिनियमची अशी सुबक शिवण घातली की वहिनी बोट फिरवून म्हणाल्या, "आमच्या सर्जनना दाखवायला हवी." मिस्त्रींनी प्लेट बसवली, बोल्ट योग्य ताणाने आवळले, हिरवं कूलंट भरलं.

चाचणीला भार हवा होता. वहिनी दादाकडे वळल्या. दादाच आधी म्हणाला, "पोती ठेवा की आता वाळूची."

"पोती घसरतात. आणि त्या दिवशी माझ्यामागे नजर ठेवायला कोणीतरी बसायलाच हवं." वहिनींनी लाइफ जॅकेट उचलून त्याच्यापुढे धरलं. "अहो, मला दुसरं कोणी नको आहे."

दादाने लाइफ जॅकेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मार्ग काढेन. मी तलावाकडे पाहू लागलो. दादाने जॅकेट घातलं. पट्टे पुरेनात, ते सैल करता करता मिस्त्रींना घाम फुटला.

दोघं निघाले. काठापासून फार लांब गेले नसतील तेवढ्यात किंचाळी ऐकू आली. आधी वाटलं दादा. पण नाही, स्कूटर होती. लाल दिवा. वहिनी कशाबशा काठाला आल्या, चेहरा पांढराफटक. एवढं करून पुन्हा तेच.

मिस्त्रींनी बाटलीवर हात ठेवला आणि हसायला लागले. "अहो सिस्टर, गळत नाहीये! पातळी बघा, तसूभर हललेली नाही. आत हवा अडकलीय. नवं कूलंट भरलं की हवेचा बुडबुडा बसतो कुठेतरी कोपऱ्यात, तेवढ्यापुरतं तापतं. माझीच घाई झाली."

इंजिन गार होऊ दिलं. मग स्कूटरचं नाक उंच करून ठेवलं, पाइप एकेक करून दाबत मिस्त्रींनी हवा वर आणली. बाटलीत बुडबुडे फुटत राहिले, मोठे, मग बारीक, मग थांबले. त्यांनी कान लावून इंजिन ऐकलं आणि वहिनींना म्हणाले, "आता न्या. जेवढं जोरात जमेल तेवढं न्या."

मी धक्क्यावरून बघत होतो. वहिनींनी सावकाश सुरुवात केली, काठापासून मोकळं पाणी लागलं आणि मग त्यांनी सोडली ती स्कूटर! मागे पांढरा फवारा उभा राहिला. पिवळा ठिपका लहान होत गेला, पलीकडच्या काठाला वळला, मोठा होत परत आला, पण थांबला नाही. आमच्यासमोरून सूं करून गेला आणि पुन्हा पलीकडे. दादाचा आवाज वाऱ्यावर तुकड्या तुकड्यांनी येत होता. तो ओरडत होता हे नक्की, पण काय, ते कळेना. तिसऱ्यांदा समोरून गेले तेव्हा कळलं.

"अजून! अजून एक!"

उतरल्यावर त्याचे केस सगळ्या दिशांना उभे होते. तो मिस्त्रींना म्हणाला, "काय मशीन आहे!" जणू ती त्यानेच आणली होती. वहिनी बाटलीपाशी वाकल्या. बाटलीवरची पट्टी आणि हिरवी रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठमोठ्याने, अगदी लहान मुलीसारखं हसताना पाहिलं.

आरपार पोहण्याचा दिवस निघाला ढगाळ. धक्का माणसांनी फुलला होता. होडी-दोराची गंमत पाहिलेले सगळे आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर काय होतं ते मी सांगत नाही. पोहणारे पाण्यात उतरले. त्यांच्या बाजूबाजूने पिवळी स्कूटर, वहिनी पुढे, दादा मागे पाठमोरा बसून मागे पडणाऱ्यांवर नजर ठेवतोय.

मधोमध पोचल्यावर एका धिप्पाड माणसाच्या पोटरीत गोळा आला. तो हात वर करतो न करतो तोच दादा ओरडला, "डावीकडे! अगं डावीकडे!" वहिनींनी स्कूटर वळवली, इंजिन मंद केलं, त्याच्या शेजारी अलगद आणून लावली. दादाने वाकून त्याला बगलेतून धरलं आणि वर ओढलं. तिघांच्या वजनाने स्कूटर इतकी खाली बसली की धक्क्यावरून सीट दिसेना. माझ्या शेजारी मिस्त्री उभे होते. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं, आणि आम्ही दोघं कान देऊन होतो.

किंचाळी आली नाही. फक्त इंजिनाचा एकसुरी, भरदार आवाज, आमच्या दिशेने येत येत मोठा होणारा.

काठाला लागल्या लागल्या लोकांनी त्या माणसाला उतरवून घेतलं. सेक्रेटरी वहिनींच्या गळ्यातच पडली. टाळ्या वाजायला लागल्या, कोणी "सिस्टर, सिस्टर" म्हणून ओरडायला लागलं. वहिनींनी खाली वाकून त्या माणसाची पोटरी चोळून दिली, पाय ताणून धरायला सांगितलं, आणि त्या उभ्या राहिल्या तर दादा स्कूटरवरून उतरलेलाच नव्हता. पाठमोरा बसून तो तलावाकडेच बघत होता.

"चल लवकर," तो मान न वळवता म्हणाला. "बाकीचे अजून पाण्यात आहेत."

वहिनींनी हँडल धरलं आणि स्कूटर पुन्हा पाण्यात वळवली.